ग्योटिंगेनला गेले आणि आप्पांना कालव्याचं विचारलं

पाटकरी या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं म्हणून मी एकदा पंधरा लोकांसमोर गप्प उभी राहिले होते. नोव्हेंबर २०२३, बाहेर दुपारी पावणेचारलाच अंधारून आलेलं, जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातली एक छोटी वर्गखोली, टेबलं चौकोनात लावलेली आणि मी माझ्या विषयाबद्दल पाच मिनिटं बोलत होते. विषय मी मोठा जोरात सांगितला होता, ब्रिटिश काळातलं मुंबई इलाख्यातलं सिंचन धोरण वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तुझ्या गावात कालवा आहे का? म्हटलं आहे, नीरा उजवा कालवा, घरापासून दीड किलोमीटरवर. मग म्हणाल्या, तिथे पाणी शेतापर्यंत कोण पोचवतं, कुणाची पाळी आधी हे कोण ठरवतं? आणि माझ्या तोंडात पाटकरी एवढा एकच शब्द आला. कॅनॉल इन्स्पेक्टर म्हणावं तर तो वेगळा, वॉटर मॅन म्हणावं तर ते काहीच सांगत नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या लिपीत लिही फळ्यावर. मी लिहिलं, पाटकरी. एका जर्मन मुलाने विचारलं हा सरकारी नोकर का गावातला माणूस, त्याला लोक मान देतात का घाबरतात, आणि मला नीट उत्तर देता येईना. मी फलटण तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, इतिहासात एमए करणारी, आणि ज्या पाण्यावर माझं शिक्षण झालं ते पाणी शेतात कसं येतं हे मला धड माहीत नव्हतं.

स्टुडंट एक्सचेंजला जाऊन आल्यापासून बऱ्याच मुली मेसेज करून विचारतात की कसं होतं, जावं का, खर्च किती, एकटं वाटतं का. सगळ्यांना तुकड्या तुकड्यात उत्तरं दिली पण खरं सांगायचं ते असं फोनवर सांगताच येत नाही म्हणून एकदाच बसून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

तर सुरुवातीपासून. मी पुण्यात हॉस्टेलला राहून एमए करत होते, विभागाच्या बोर्डावर एक्सचेंजची नोटीस लागली, एक सेमिस्टर, ऑक्टोबर ते मार्च, ट्यूशन फी नाही. तिकडे बहुतेक सरकारी विद्यापीठांत तशीही फी जवळपास नसतेच, सेमिस्टरचं एक शुल्क भरायचं असतं. मी जिथे जाणार होते ते सेंटर म्हणजे आधुनिक भारताचा अभ्यास करणारं सेंटर, त्याला तिकडे सेमिस म्हणतात आणि शिकवणं इंग्रजीत. गावात कळल्यावर पहिला प्रश्न हाच की भारताचा इतिहास शिकायला जर्मनीला कशाला? चुलत्यांनी विचारलं, मावशीने विचारलं, पतसंस्थेच्या मॅनेजरने पण विचारलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, मी म्हणायचे अनुभव मिळेल.

नंतर वाचताना कळलं की पुणे ते ग्योटिंगेन हा रस्ता चांगला जुना आहे. फ्रान्झ कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित १८६६ ला डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले, १८८१ पर्यंत पुण्यात राहिले, इथल्या शास्त्रीमंडळींकडून व्याकरण समजून घेतलं, पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी केलेली आवृत्ती आजही लोक वापरतात. परत गेल्यावर ते ग्योटिंगेनलाच प्राध्यापक झाले आणि १९०८ ला वारले ते तिथेच. आणि आपल्या रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये याच विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली होती. हे मला जायच्या आधी माहीत असतं तर त्या मॅनेजरला मी सांगितलं असतं की तो जर्मन माणूस संस्कृत शिकायला पुण्यात येऊन बसला होता ना, मग मी का जाऊ नये!

पैशाचं सांगते कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे तुमचेच पैसे आधी भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम सुटते. तेव्हा महिन्याला ९३४ युरो असा हिशोब होता, सहा महिन्यांचे ५,६०४ युरो, तेव्हाच्या भावाने पाच लाखांच्या आसपास. आता ती रक्कम वाढली आहे. आमच्याकडे ते पाच लाख कसे उभे राहिले ते मी इथे सगळं लिहीत नाही, एवढंच की उसाचं बिल आलं होतं, आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या आणि उरलेले मामाने दिले. विमानात बसल्यावर मला खिडकीतून काय दिसतंय यापेक्षा त्या पाटल्याच डोळ्यासमोर येत होत्या. म्हणून तिकडे गेल्यावर एक कॉफी घेताना पण मी मनात नव्वदने गुणायचे, पहिले दोन महिने तर रोज.

आणि नेमका पहिल्याच महिन्यात घोळ झाला. ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे सुटायला तिकडच्या बँकेत खातं लागतं, खात्याला पत्त्याची नोंदणी लागते, नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि त्या नोंदणीच्या ऑफिसची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. मी सगळं देऊनसुद्धा त्या अकाउंटच्या कंपनीने माझे कागद दोनदा परत पाठवले, एकदा फोटो पुसट आहे म्हणून आणि एकदा कारणच नाही, ईमेलला उत्तर यायला पाच पाच दिवस. खोलीचं भाडं, हेल्थ इन्शुरन्सचे सव्वाशेच्या आसपास युरो, सगळं डोक्यावर. घरी सांगितलं नाही. शेजारच्या खोलीत बांगलादेशची एक मुलगी होती, पीएचडी करणारी, तिने न मागता दोनशे युरो हातात ठेवले आणि म्हणाली पैसे आले की दे, माझं पण असंच झालं होतं. तिचे ते पैसे मी नोव्हेंबरच्या सहा तारखेला परत केले, तारीख लक्षात आहे कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर झोपले. जाणाऱ्यांना माझं सांगणं एकच, दीड महिन्याचा खर्च वेगळा हातात ठेवून जा, कार्डावर किंवा रोख, आणि ते पैसे नाहीतच असं समजा.

गाव फार सुंदर आहे. फ्रँकफर्टहून आयसीई या वेगवान ट्रेनने दोन तासाच्या आत. जुन्या शहराभोवती तटबंदीचा मातीचा उंचवटा आहे, आता त्यावर झाडं आणि चालायची वाट, पूर्ण फेरी मारली की शहराला प्रदक्षिणा होते आणि मी रविवारी ती घालायचे कारण रविवारी दुकानं सगळी बंद. बाजारचौकात हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, गेन्झेलीझल, पीएचडी झालेले लोक वर चढून तिच्या गालाची पापी घेतात आणि फुलं देतात. सगळीकडे सायकली. घरांवर पाट्या आहेत, या घरात अमुक शास्त्रज्ञ अमुक ते अमुक सालात राहत होते, गणितज्ञ गाउस याच गावचे प्राध्यापक, आणि चालता चालता तुम्हाला फरसबंदीत पितळी चौकोन लागतात, त्यावर इथून हाकलून दिलेल्या, मारलेल्या ज्यू माणसांची नावं. १० मे १९३३ ला याच गावात विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली होती, विद्यार्थ्यांनी! त्या जागी मी एकदाच गेले, तिथे पाटी आहे, आणि त्यानंतर लायब्ररीत गेले की मला नेहमी तो चौक आठवायचा. जानेवारीत त्याच गावात हजारो लोक अतिउजव्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले, म्हातारी माणसं, लहान मुलं, थंडीत हातात पुठ्ठे घेऊन. मी कडेला उभी राहून बघत होते, इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून नाही, नुसतीच.

अभ्यासाची पद्धत. वेळापत्रकात दोन ते चार लिहिलेलं असलं तरी तास सव्वादोनला सुरू होतो आणि पावणेचारला संपतो, सुरुवातीची पंधरा मिनिटं सोडायची जुनी रीत आहे. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोकतात, पहिल्या दिवशी मी दचकले. हजेरी नाही. कुणी रागवत नाही, कुणी विचारत नाही का आली नाहीस. आठवड्याला एकच तास पण त्यासाठी साठ सत्तर पानं वाचून यायची आणि तिथे बाई शिकवत नाहीत, विचारतात. आपल्याकडे मी वर्गात पहिल्या पाचात, नोट्स काढायच्या, प्रश्नांची तयारी करायची, विश्वेश्वरय्या म्हटलं की चार मुद्दे तयार, सिंचन आयोग म्हटलं की साल १९०१ ते ०३ तयार. तिकडे कुणी साल विचारतच नाही. यातलं तुला पटलं का, का नाही पटलं, लेखकाला हे कुठून कळलं असेल, हे विचारतात. पहिले तीन आठवडे मी एक शब्द बोलले नाही. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही, मला खरंच काही वाटतच नव्हतं, मी वाचलेलं लक्षात ठेवत होते फक्त. हे लिहिताना वाईट वाटतं कारण माझ्या पुण्याच्या सरांनी पण मला कमी शिकवलेलं नाही, पण मला काय वाटतं हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी पण स्वतःला विचारलं नव्हतं.

आणि मग तो पाटकरीचा तास.

त्या दिवशी तास संपल्यावर बाई सायकलचं कुलूप काढता काढता मला म्हणाल्या (पाऊस पडत होता आणि त्या पावसातच सायकलवर जातात, साठीच्या आहेत), तुझा विषय फार मोठा आहे, तो सोडून दे, तुझ्या घरापासून दीड किलोमीटरवर जो कालवा आहे त्याच्यावर लिही, आणि आधी घरी फोन कर.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे करतात. तोपर्यंत आपल्यात साडेतीन तासांचा फरक होता, तो साडेचार झाला. आई नेहमी रात्री नऊला फोन करायची, सगळं आवरून, तेव्हा माझ्याकडे साडेपाच वाजायचे. घड्याळ बदललं आणि त्याच नऊला माझ्याकडे साडेचार, आणि डिसेंबरात तेव्हाच अंधार, कारण सूर्य सव्वाचारलाच बुडतो. आईला किती वेळा समजावलं तरी ती विचारायची की तुमच्याकडं आज लवकर रात्र झाली का गं. आणि आप्पांचं, माझ्या वडिलांचं, बोलणं म्हणजे, जेवलीस का, थंडी आहे का, पैसे आहेत का, ठेव मग. चोवीस वर्षांत मी आप्पांशी फोनवर तीन मिनिटांच्या वर बोलले नसेन.

त्या दिवशी मी आईला म्हटलं आप्पांना दे. आणि विचारलं, आप्पा, पाटकरी कोण असतो?

पलीकडे एवढी शांतता की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, का गं, काय झालं? म्हटलं काही नाही, अभ्यासाला पाहिजे. म्हणाले, ह्यो अभ्यास हाय व्हय तुझा? आणि मग बोलायला लागले. पंचेचाळीस मिनिटं बोलले. मी बसस्टॉपवर बसलेली, दोन बस गेल्या, बोटं बधिर झालेली, वही मांडीवर धरून लिहीत होते.

पाणी कसं सुटतं, वरून फाट्याला, फाट्यावरून चारीला, चारीवरून शेताच्या तोंडाला. सात नंबरचा फॉर्म भरायचा, तो भरला की पाळीत नाव. टेलचा शेतकरी म्हणजे चारीच्या शेवटचा, त्याच्यापर्यंत पाणी पोचेपर्यंत पाळी संपत आलेली असते, आपलं रान मधल्या अंगाला म्हणून आपण वाचलो. पाटकरी कधी कुणाचं ऐकतो, कधी ऐकत नाही, १९८६ ला की ८७ ला (त्यांना नक्की आठवेना) चारीवर कशी मारामारी झाली आणि आमच्या आज्यांनी, म्हणजे आजोबांनी, रात्रभर चारीच्या दारात बसून पाणी राखलं. आणि त्या वर्षीची काळजी, कारण २०२३ ला पाऊस कमी झालेला, राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झालेला, पाळ्या किती मिळतील याच्यावर गावात दुसरं बोलणं नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरात रोज याच गोष्टी बोलल्या जात असणार आणि मी पलीकडच्या खोलीत बसून विश्वेश्वरय्यांचे चार मुद्दे पाठ करत असणार.

मग एक दिवस, डिसेंबर असेल, बर्फ पडून त्याचा चिखल झाला होता, मी लायब्ररीत सिंचन आयोगाचा जुना रिपोर्ट वाचत होते, स्कॅन केलेला, अक्षरं बारीक. दख्खनच्या कालव्यांची गोष्ट अशी की १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर सरकारने कालवे काढायला जोर लावला, नीरेचा डावा कालवा त्यातलाच, १८८० च्या दशकातला. हेतू ज्वारी बाजरी वाचवायचा. पण काळ्या रानात बरा पाऊस झाला की शेतकरी पैसे देऊन पाणी घ्यायचाच नाही, त्याला गरजच नव्हती, आणि दुष्काळ पडला की सगळ्यांना एकदम पाहिजे. मग कालव्याचा खर्च निघेना. ऊस मात्र बारा महिने पाणी मागतो, पाणीपट्टी पण जास्त भरतो. म्हणजे दुष्काळासाठी काढलेला कालवा उसावर जगायला लागला, आणि ऊस एकाच जागी फार झाला तर बाकीचे कोरडे. यावर तोड म्हणून विश्वेश्वरय्यांनी, तेव्हा ते मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते, ब्लॉक पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, एका गटाला काही वर्षांसाठी पाणी पक्कं मंजूर करायचं, आणि त्या गटातल्या ठराविक भागातच ऊस लावायचा, बाकीच्यात हंगामी पिकं. हे चार मुद्द्यांतला दुसरा मुद्दा म्हणून मला पाठ होतं, परीक्षेत पाच मार्काला येतं.

संध्याकाळी आप्पांना फोनवर मी हे सांगायला गेले, म्हटलं आप्पा, शंभर वर्षांपूर्वी एक पद्धत होती, ब्लॉक म्हणून.

आप्पा म्हणाले, होती काय? आपला ब्लॉक हाय की. तुझ्या आज्यानं घेतलेला. विहिरीच्या वरच्या अंगाचं रान सगळं ब्लॉकमधलंच.

मी लायब्ररीच्या जिन्यात उभी होते, तिथे फोनवर बोलायची परवानगी असते, आणि मला एकदम रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही. आमच्याकडे वरच्या रानाला ब्लॉक म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, आई म्हणायची ब्लॉकात गेलेत आप्पा, जेवण घेऊन जा, मला वाटायचं ते रानाचं नावच आहे, जसं कुणाच्या रानाला माळ म्हणतात, कुणाच्या रानाला मळई म्हणतात. मी स्वतः डबा घेऊन त्या ब्लॉकात शेकडो वेळा गेलेय. पुस्तकातली ती पद्धत आणि आमचं ते रान ही एकच गोष्ट आहे हे कळायला मला साडेसहा हजार किलोमीटर लांब जाऊन त्या जिन्यात उभं राहावं लागलं.

त्यानंतर माझा अभ्यास झाला. म्हणजे खरा झाला. आप्पांनी गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारून ठेवायला सुरुवात केली, आईने जुन्या पत्र्याच्या पेटीतून पाणीपट्टीच्या पावत्या काढल्या आणि त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर, एकेक पावती लाकडी पाटावर ठेवून वरून काढलेला फोटो, कोपऱ्यात तिचा अंगठा. सर्वात जुनी पावती १९६१ ची निघाली, शाई निळी, आज्यांचं नाव चुकीचं लिहिलेलं. ती मी पुढच्या तासाला प्रोजेक्टरवर लावली. आम्ही पाऊण तास त्या एका पावतीवर बोललो. पीक या रकान्यात ऊस आहे, क्षेत्र एकर आणि गुंठ्यात आहे, दर आहे, खाली एक सही आणि बाजूला एक अंगठा. बाई म्हणाल्या अंगठा कुणाचा? मला वाटलेलं आज्यांचा, पण आज्यांना सही येत होती, आईने सांगितलं. मग तो अंगठा आजीचा निघाला, पाणीपट्टी त्या वर्षी आजीने भरली होती, आज्या तेव्हा आजारी होते. म्हणजे आमच्या घरात कालव्याच्या कागदावर एका बाईचा हात आहे आणि आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. आप्पांनाही नाही. त्या तासाला शेवटी टेबलं ठोकली ना सगळ्यांनी, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाकीचं भराभर सांगते. पोळ्या जमल्या पण पीठ शोधायला महिना गेला, तिकडे पिठाच्या पुड्यावर नंबर असतात, ४०५ नंबर म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात, १०५० नंबर आणा, नाहीतर एशियन दुकानातून सरळ आटा. दिवाळीला फराळ केला नाही, मेन्झामध्ये म्हणजे त्यांच्या कँटीनमध्ये बटाटे खाल्ले आणि बांगलादेशच्या ताईने रात्री खिचडी केली. डिसेंबर जड जातो, उजेड नसतो, कारण नसताना झोप येते, त्याला घाबरू नका पण दिवसा अकरा ते दोन बाहेर पडाच, मी पडले नाही आणि दोन आठवडे फार वाईट गेले. एकटं वाटतं का तर हो, वाटतं. बाटल्या फेकू नका, बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात. रेल्वेचे संप धरून चाला, त्या हिवाळ्यात ड्रायव्हर लोकांचे बरेच झाले, जानेवारीत तर एक अनेक दिवस चालला.

जानेवारीचं अजून एक. ८ तारखेपासून जर्मनीभर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले, शेतीच्या डिझेलवरची सवलत सरकार काढून घेणार होतं म्हणून. एवढे मोठे ट्रॅक्टर मी कधी बघितले नव्हते, एकामागे एक, पिवळे दिवे लावलेले, थंडीत वाफा निघतायत. व्हिडिओ काढून आप्पांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, तिथं पण शेतकऱ्याला हेच करावं लागतं का गं? मग डिझेल किती, ट्रॅक्टर किती एचपीचा, दुधाला भाव काय, आणि मी हॉस्टेलमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला विचारून विचारून त्यांना सांगत होते. त्या मुलाने मला उलटं विचारलं तुमच्याकडे किती जमीन, मी म्हटलं साडेतीन एकर, त्याने दोनदा विचारलं, साडेतीन हेक्टर ना?

कालव्यावरचा निबंध, म्हणजे तिकडचा पेपर, मी मार्चच्या शेवटी दिला, वीस पानं. शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी गावातून वाहणाऱ्या लाइने कालव्याच्या कडेने चालत जायचे. तिथे लाइने नावाची नदी आहे, तिचा एक जुना कालवा मध्ययुगात शहरातून काढलेला, पाणचक्क्यांसाठी, घरांच्या भिंतींना खेटून वाहतो, बदकं असतात. सहा महिने मी त्याच्यावरच्या पुलावरून जात येत होते आणि शेवटच्या आठवड्यात मला पहिल्यांदा प्रश्न पडला की याचं दार कुठे असेल, कोण उघडत असेल.

१.७ मिळाले. तिकडे १ म्हणजे सगळ्यात चांगलं आणि ४ च्या पुढे नापास, आप्पांना आधी वाटलं कमी पडले. बाईंनी पेपरवर पेन्सिलने लिहिलं होतं की तुझ्या आजीवर अजून लिही. ते मी आता एमएच्या प्रबंधाला घेतलंय.

एप्रिलमध्ये घरी आले तेव्हा उन्हाळी पाळी सुटली होती, आपली पाळी रात्री दोनची. आप्पा म्हणाले तू झोप, प्रवासाची दमलीस. मी गेले. ब्लॉकातल्या उसात दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, आयुष्यात पहिल्यांदा, हातात बॅटरी, आप्पांच्या खांद्यावर फावडं. पाणी चारीतून येताना आधी आवाज येतो, पाल्यापाचोळ्याचा, मग पुढे फेस, मग पाणी. पाटकरी येऊन गेला, पन्नाशीचा माणूस, मोटारसायकल बांधावर लावली, मला म्हणाला तूच का माझ्यावर लिवलंस ती. मी हो म्हटलं. त्याने विचारलं, काय लिवलंस? मी सांगायला लागले आणि तो उभा राहून पूर्ण ऐकत राहिला, पुढच्या शेतावर जायचं असताना.

तो गेल्यावर आम्ही बांधावर बसलो. आप्पा म्हणाले, तुझ्या त्या गावातल्या कालव्याला पाळी किती दिवसाची?

म्हटलं पाळी नाही आप्पा, सारखंच वाहतं.

बाराही महिने?

बाराही महिने.

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग सरी भरली म्हणून उठले, फावड्याने एका तोंडाला माती ओढली आणि पुढचं तोंड फोडलं, आणि मला म्हणाले बॅटरी इकडं धर.